थेल्मा गारसाइडनं बुजवलेलं तळं

थेल्मा गारसाइडला बसलेलं पाहणारा माणूस अख्ख्या थॉर्नली गावात शोधून सापडला नसता. तिथल्या शाळेत सव्वीस वर्षं तिनं मुलांचं दुपारचं जेवण रांधलं आणि वाढलं, सगळं उभ्यानं. निवृत्त झाली तरी ती खोड गेली नाही. सकाळचा टोस्ट ती सिंकपाशी उभी राहून खायची. चहा खिडकीच्या कट्ट्यावर गार व्हायचा, तोवर तिचं एखादं कपाट रिकामं करून पुन्हा भरूनही झालेलं असायचं.

"आई, बस ना गं जरा! तुला बघून मलाच धाप लागते," असं तिची मुलगी जनीन हजारदा म्हणाली असेल. थेल्माचं उत्तर ठरलेलं असायचं. "बसायचं खातं तुझ्या बाबांकडे आहे."

ते खोटंही नव्हतं. क्लिफर्डनं तीस वर्षं पाठीला टपालाची पिशवी लावून त्या चढउताराच्या गल्ल्या तुडवल्या होत्या, आणि नोकरी सुटल्यावर आपण आता बसायचं, असं त्यानं रीतसर जाहीर केलं होतं. बसायची जागाही ठरलेली होती. मागच्या बागेत, जनीन पाच वर्षांची असताना त्यानं स्वतः खणलेल्या तळ्याच्या काठावर, पत्र्याची बादली उलटी टाकून. तळं म्हणजे काय, दोन माणसं आडवी झोपतील एवढा खड्डा. पण मार्च उजाडला की आसपासचे सगळे बेडूक तिथं गोळा व्हायचे, आणि क्लिफर्ड बागेतून ओरडायचा, "थेल्मा, आले गं!"

"आले तर आले. मी काय चहा टाकू त्यांच्यासाठी?" असं म्हणत ही हातातलं फडकं घेऊन बघायला जायचीच.

शाळेत दर गुरुवारी साबुदाण्याची खीर असे आणि पोरं तिला बेडकाची अंडी म्हणत. त्यामुळे तळ्यात पहिला बुळबुळीत गोळा दिसला की क्लिफर्ड म्हणायचा, "थेल्मा, तुझी खीर उतू गेली बघ." दरवर्षी हेच, एकही वर्ष न चुकता. थेल्मा दरवर्षी चिडायची.

गेल्या सप्टेंबरात क्लिफर्ड त्या बादलीवरच गेला. हातात पानं काढायची जाळी, हनुवटी छातीवर. जनीन त्याचा चहा घेऊन बागेत गेली होती. त्याला डुलकी लागलीय असं समजून ती पाच मिनिटं त्याच्याशी बोलत राहिली. उत्तर देत नाही म्हणून थोडी रागावलीसुद्धा. मग तिनं त्याच्या खांद्याला हात लावला.

त्यानंतर जनीन बागेत फिरकली नाही. क्रियाकर्म आटोपल्यावर आठवड्यानं तिचा फोन आला. "आई, एफी आता धावायला लागलीय. तो पाण्याचा खड्डा आहे तोवर मी तिला तुझ्याकडे आणणार नाही." एफी म्हणजे जनीनची दीड वर्षाची पोर. थेल्माला ती दिसली नाही तर आठवड्याचे वार कळत नसत. खरी गोष्ट एफीची नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. पण गारसाइडांच्या घरात असलं काही तोंडानं बोलायची पद्धत नाही. तिथं दुःखसुद्धा पाऊसपाण्याच्या गप्पांतून येतं. थेल्मा एवढंच म्हणाली, "बुजवून टाकते."

ऑक्टोबरात दोन माणसं येऊन माती लोटून, वर तयार गवताचे पट्टे अंथरून गेली. त्यांचा टेंपो वळणाआड जातोय तोच तिला आठवलं, की काही नर बेडूक थंडीत तळ्याच्या गाळातच झोपतात. क्लिफर्डनं तिला कितीदा सांगितलं होतं. त्या हिवाळ्यात तिनं सगळ्या घराचे पडदे तीनदा धुतले, आणि सिंकच्या खिडकीतून त्या हिरव्यागार पट्ट्यांकडे एकदाही नीट पाहिलं नाही.

जनीन तरीही लगेच आली नाही. नाताळला आली नाही, नव्या वर्षाला आली नाही. शेवटी मार्चच्या दुसऱ्या रविवारी, एफीच्या दुसऱ्या वाढदिवसाला, यायचं कबूल केलं. थेल्मानं एफीसाठी हवा भरायचा निळा प्लास्टिकचा हौद आणून ठेवला, उन्हाळ्यात गवतावर खेळायला. तळं नसलेल्या गवतावर.

आणि त्या रविवारच्या आधीच्या बुधवारी, रात्रभर कोमट पाऊस पडून गेल्यावर, बेडूक आले.

थेल्मानं टोस्टचा घास तोडला आणि तो तोंडातच राहिला. गवताच्या पट्ट्यांवर ते बसले होते. तिनं मोजले, अठरा. काही माद्यांच्या पाठीवर नर चिकटलेले. ते पुढे सरकत, थांबत, वळत आणि परत तिथंच येत. जिथं काठ होता तिथपर्यंत जायचे आणि आत शिरल्यासारखे गवतात तोंड खुपसायचे. तळ नव्हता, पाणी नव्हतं, तरी जागा सोडायला एकही तयार नव्हता.

"मी म्हटलं नव्हतं?" कुंपणाच्या भिंतीवरून रेमंड टॉर्डॉफचं डोकं वर आलं. हा चाळीस वर्षांचा शेजारी, आणि त्याच्या आयुष्यात असं काही घडलंच नाही जे त्यानं आधी म्हटलं नव्हतं. "ते जागा विसरत नाहीत. चारपाच वर्षं येत राहतील आता."

"तू काही म्हटलं नव्हतंस, रेमंड. तू तळं बुजवणाऱ्यांना बिस्किटं दिली होतीस."

"बरं, दे ते इकडे. माझ्याकडे पाणी आहे ना? पाणी ते पाणी."

रेमंडच्या तळ्यात हातभर लांबीचे सोनेरी मासे होते आणि ते मासे काहीही गिळत. पण थेल्माला रविवार दिसत होता. तिनं अठराच्या अठरा बेडूक पत्र्याच्या नव्हे, प्लास्टिकच्या बादलीत भरले. पत्र्याची बादली खोपटात होती आणि खोपटाला कुलूप होतं. रेमंडच्या तळ्यात ते सोडून ती घरी आली आणि ओव्हन घासायला घेतला.

गुरुवारी सकाळी ते परत गवतावर होते. आता तेवीस.

मग मात्र तिचा तोल गेला. झाडू घेऊन, झग्यावरच, ती बागेत उतरली. "जा! काही नाही इथं! गेलं ते, कळत नाही का? किती वेळा येऊन बघणार? नाही म्हणजे नाही!" बेडूक बुबुळं हलवत बसून राहिले. थेल्माचा आवाज चिरकला, आणि ज्या बाईनं क्लिफर्डला पुरलं त्या दिवशीही डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं ती झाडूच्या दांड्यावर कपाळ टेकवून रडली. सहा महिने तीही तेच करत होती. सकाळी दोन कप काढायचे, एक परत ठेवायचा. जिथं काही उरलं नाही तिथं रोज जाऊन बघायचं.

रेमंडचं डोकं भिंतीवर आलं आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच काही न म्हणता खाली गेलं.

तेवढ्यात कावळा उतरला. तिच्या डोळ्यांदेखत त्यानं गवतावरचा एक बेडूक उचलला आणि धुराड्यावर जाऊन बसला. थेल्मानं झाडू फेकला तो रेमंडच्या गुलाबांत पडला. ती तडक आत गेली आणि एफीचा निळा हौद काढला.

तो फुगवायला तिला अर्धा तास लागला. गवताच्या पट्ट्यांवर, बरोबर मधोमध, तिनं तो ठेवला आणि पावसाच्या पिपातलं पाणी पंधरा खेपांत आणून ओतलं. नळाच्या पाण्यातल्या औषधानं त्यांचं अंग भाजतं, असं क्लिफर्ड सांगायचा. चढायला विटांची उतरण केली आणि वर दारातलं काथ्याचं पायपुसणं अंथरलं. मग खिडकीतून बघत राहिली. तासाभरानं पहिली मादी पायपुसण्यावरून चढली, पाठीवरच्या नवरोबासकट, आणि डुबकन आत गेली.

"रविवारी सकाळी काढून टाकीन," थेल्मा स्वतःशीच म्हणाली. "तोवर आटपतील त्यांचं."

शुक्रवारी बागेतून घरघर ऐकू येत होती, लांब कुणी मोटरसायकल चालू ठेवून विसरल्यासारखी. शनिवारी दुपारी हौदात पहिला गोळा होता. साबुदाणा शिजून पारदर्शक झाला की कसा दिसतो, आणि प्रत्येक दाण्यात एक काळा ठिपका. संध्याकाळपर्यंत चार गोळे झाले. उतरणीची वीट सरळ करायला उचलली तर खाली बोटाएवढा न्यूट निघाला, पाण्यातला तो इवला सरडा, नारिंगी पोटाचा. तोही आपलं तळं शोधत आला होता.

आता हौद काढायचा म्हणजे काय, हे तिला नीट कळत होतं. आणि ठेवायचा म्हणजे काय, हेही. दोन वर्षांची पोर धावत बागेत येणार आणि बागेत वीतभर का होईना, पाणी असणार. लपवावं? वर चादर टाकावी? जनीनला सांगावं की तब्येत बरी नाही? ती स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात आणि दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात येरझारा घालत राहिली. केक भाजून झाला होता, मधे रासबेरीचा जॅम. तिनं फोन लावला.

"जनीन, उद्या यायच्या आधी तुला एक सांगायचंय. बागेत पाणी आहे."

"पाऊस पडलाय का?"

"नाही. मीच ओतलंय." तिनं सगळं सांगितलं. गवत, तेवीस, कावळा, हौद. "तळं मी बुजवलं, कारण तू म्हणालीस. मी काही तक्रार करत नाही. पण ते आलेत गं, आणि त्यांना इथंच यायचंय. मला नाही फेकवत."

मग जनीन म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. त्या "बरं"चा अर्थ लावत थेल्मानं रात्री भिंतीची कपाटं पुसली.

रविवारी साडेबाराला यायचं होतं. एक वाजला. सँडविचच्या कडा वाळायला लागल्या. दीड वाजता तिनं केकवरच्या दोन मेणबत्त्या काढून खणात ठेवल्या. पावणेदोनला गाडीचं दार वाजलं.

जनीन घरात आली नाही. बाजूच्या फाटकातून थेट बागेत आली, एफीच्या कोटाची टोपी मागून मुठीत आवळून, पट्ट्यानं बांधल्यासारखी. गवताच्या कडेशी थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. थेल्मा दारात, हातात फडकं.

"बेका!" एफी ओरडली आणि पुढे झेपावली. टोपी ताणली गेली. जनीनला मागोमाग जावंच लागलं. हौदाशी ती गुडघ्यावर बसली, पोरीला दोन्ही मांड्यांत घट्ट धरून. बराच वेळ पाण्याकडे बघत होती. थेल्माला तिची फक्त पाठ दिसत होती, आणि ती पाठ हलायला लागली.

"आई," जनीन म्हणाली. "तुझी खीर उतू गेली बघ."

थेल्मा फडक्यानं हात पुसत राहिली, कोरडेच हात.

"मी त्यांना रागावले होते," जनीन म्हणाली. "बाबांना. म्हटलं, दर वेळी मीच बडबडायचं का? तुम्ही एक शब्द बोलू नका."

"ते ऐकत असते तरी बोलले नसते. बेडूक आल्याशिवाय कुठं बोलायचे ते?"

जनीन रडता रडता हसली. मग नाक पुसून उठली आणि एफीला आईच्या कमरेवर दिली. "किती खोल होतं?"

"तुझ्या बाबांच्या गुडघ्याएवढं. का?"

"वरून लोखंडी जाळी हवी. माझं वजन पेलेल अशी, कुलपाची. त्याशिवाय नाही." ती कोट काढायला लागली. "आधी बाजूला खणू, मग यांना आत घेऊ. खोपटाची किल्ली दे."

किल्ली थेल्माच्या ॲप्रनच्या खिशातच होती. सहा महिने होती. जनीन खोपटात गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा एका हातात क्लिफर्डचं फावडं होतं आणि दुसऱ्या हातात पत्र्याची बादली. तिनं ती बादली गवतावर उलटी टाकली.

"केक आहे," थेल्मा म्हणाली. "चहा टाकते. सँडविचं पण..."

"आई, बस."

थेल्मानं बादलीकडे पाहिलं. मग एफीला मांडीवर घेऊन ती बसली.