चांगुणाबाई स्टेअरिंगवर बसते

चांगुणाबाईला गाडी चालवता येत नाही. आयुष्यात तिनं किती गाड्यांची स्टेअरिंगं फिरवली, हे तिचा नवरा केरबाही सांगू शकणार नाही. पण त्या प्रत्येक गाडीची पुढची चाकं तेव्हा जॅकवर, जमिनीपासून वीतभर वर असायची.

चाकूर सोडून अहमदपूरकडं निघालं की एका फाट्यावर त्यांचं गॅरेज लागतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक लिंबाचं झाड आणि झाडाखाली नवराबायको. मी लातूरला कॉलेजात शिकवते, माहेर नांदेडचं, त्यामुळे वर्षातून दहा वेळा तरी तो रस्ता तुडवायची. माझ्या जुन्या गाडीनं सात-आठ वर्षं जेवढे नखरे केले, तेवढे सगळे केरबानंच निस्तरले. पहिल्या वेळी त्यानं आरशाला बांधलेली निळी फीत पाहिली, हात पुसले आणि म्हणाला, "जय भीम, ताई." तेव्हापासून मी गिऱ्हाईक राहिले नाही, घरची झाले. निदान मला तसं वाटायचं.

चांगुणाबाई ब्याऐंशी साली गॅरेजसमोरच्या वस्तीवर नांदायला आली. त्याच साली उस्मानाबादचे तालुके तोडून लातूरचा नवा जिल्हा झाला होता. "माझा बाप बोलला, नवा जिल्हा झालाय, आता वस्तीला नळ येनार. नळाच्या भरवशावर दिली मला हिथं," असं ती हसत सांगायची. वीस वर्षांनी नळ आला. पाणी अजून यायचं आहे.

केरबाच्या हाताखाली माणूस टिकत नसे. एकदा एका जीपचं काम एकट्यानं होईना, तेव्हा भाकरी घेऊन आलेल्या बायकोलाच त्यानं आत बसवलं. त्या दिवसापासून ती जागा तिची झाली. पॉवर स्टेअरिंगचा होज पाइप बदलला की आतलं तेल सांडतं आणि नळ्यांत हवा शिरते. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं बॉनेटखाली तेलाच्या टाकीवर डोळा ठेवायचा, तेल खाली गेलं की वरून ओतायचं. दुसऱ्यानं इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग सावकाश डावीकडं टोकापर्यंत न्यायचं, मग उजवीकडं, मग परत डावीकडं. टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत हेच. केरबाला बुडबुडे दिसायचे, पण चांगुणाबाईला हाताला कळायचं. "पोकळ लागतंय," ती म्हणायची. मग बऱ्याच वेळानं, "आता भरीव लागलं." केरबा म्हणायचा, "माझे डोळे चुकतेल, ताई. हिचा हात न्हाई चुकत."

आता त्या दिवसाचं सांगते. २०१६ सालचा चौदा एप्रिल. दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तोच आठवडा. नांदेडला जयंतीच्या कार्यक्रमात चार वाजता माझं भाषण होतं, आणि विषय मीच दिला होता, 'पाण्यासाठी थांबलेली बाई'. माझी आई सरजाबाई लहानपणी गावच्या विहिरीवर घागर घेऊन बाजूला उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून ओतणार, नाही आली तर ऊन डोक्यावर घेऊन परत. आईचं हे थांबणं मी अनेक सभांत सांगितलं आहे. मला ते फार चांगलं सांगता येतं.

गाडीचा पाइप आठवडाभर गळत होता. केरबानं लातूरहून नवा आणून ठेवला होता आणि सकाळी सातला या म्हणून बजावलं होतं. मी साडेदहाला उगवले, कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून. त्यानं लगेच बॉनेट उघडलं. साडेअकराला पाइप बसला, गाडी जॅकवर चढली, चांगुणाबाई पदर खोचून स्टेअरिंगवर बसली. डावीकडं, उजवीकडं. मी बाहेर उभी राहून घड्याळ बघत होते. माझा स्वभाव तापट आहे, हे माझे विद्यार्थी सांगतील. दहा-बारा फेऱ्या झाल्यावर मी म्हणाले, "झालं की आता, चालू करून बघा."

"अजून न्हाई, ताई," बॉनेटमागून केरबा म्हणाला.

मी दारातून आत वाकले आणि चांगुणाबाईच्या हातावरून हात घालून किल्ली फिरवली. पंप कण्हल्यासारखा ओरडला. केरबा धावत आला आणि त्यानं इंजिन बंद केलं. टाकीतल्या लाल तेलाचा गुलाबी फेस झाला होता. राहिलेली हवा तेलात घुसळली गेली होती.

"आता फेस बसू द्यावा लागंल," तो म्हणाला. "पाऊन तास तरी."

चूक माझी होती. ते दोघंही मला तसं म्हणाले नाहीत. मीच म्हणाले, "तुमचा पाइपच नीट बसला नसेल." केरबानं पाना घेतला आणि नीट बसलेला पाइप पुन्हा तपासला.

साडेबाराला फेस बसला आणि दोघं पुन्हा कामाला लागली. पाच-सहा फेऱ्या झाल्या असतील, तोच रस्त्यापलीकडच्या वस्तीतून टँकरचा हॉर्न आला. चांगुणाबाईचे हात थांबले. टँकर सहा दिवसांनी आला होता. तिची सून बाळंत होऊन बारा दिवस झाले होते, मुलगा पुण्याला कामावर. बाळंतिणीला उठवून टँकरच्या पाइपापाशी गर्दीत पाठवणार कसं? आणि त्या दिवसांत शेजारीण तुमची घागर रांगेत ठेवायची, भरून देत नव्हती. ज्याचं त्यालाच पुरत नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं. फेस बसेपर्यंत चांगुणाबाईनंच बाळाचं कौतुक करता करता सांगितलं होतं.

केरबा बॉनेटमागून पुढं आला. "ताई, तुम्ही बसता का जरा स्टेअरिंगवर? ही दोन घागरी भरून येती."

मी स्टेअरिंगकडं पाहिलं. त्याला तिच्या हाताचा घाम लागला होता, काळं तेल लागलं होतं. मग मी माझ्या साडीकडं पाहिलं.

"मला नाही जमायचं ते," मी म्हणाले. "मला चारला उभं राहायचंय."

वीस वर्षं मी गाडी चालवते आहे. त्या दोघांनी मला शंभर वेळा चालवताना पाहिलं होतं. आणि वेळ होता. नांदेड तिथून दोन तासांवर आहे, ती जाऊन आली असती तरी मी वेळेत पोचले असते. मी खोटं बोलले ते एका साडीसाठी, आणि ते खोटं तिघांनाही कळलं.

केरबा बॉनेटकडं वळला. चांगुणाबाईच म्हणाली, "राहू द्या वो. फिरवते की मी." आणि तिनं फिरवायला घेतलं.

वस्तीतून भांड्यांचा आवाज येत होता, बायकांची बोलाचाली ऐकू येत होती. कुणीतरी "चांगुणे, ये की लवकर" म्हणून हाक मारली. केरबानं विचारलं, "झालं का गं?"

"न्हाई. हाय अजून."

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं, "झालं ना?" या वेळी आवाज वेगळा होता. तिनं 'हाव' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. एक शब्द बोलून ती उतरली असती, तर मला काही कळलं नसतं. मी आनंदानं निघून गेले असते आणि स्टेअरिंग घोरायला लागलं असतं ते अहमदपूरच्या पुढं.

"न्हाई," ती म्हणाली. "पोकळच लागून राहिलंय. ताईला लांब जायचंय. वाटंत जड झालं तर काय करतेल त्या?"

घाई केली की पुन्हा फेस होतो, म्हणून ती घाईही करत नव्हती. डावीकडं टोकापर्यंत, उजवीकडं टोकापर्यंत, दळायला बसल्यासारखी एका लयीत. मी लिंबाखाली जाऊन भाषणाचे कागद उघडले. पहिलं वाक्य होतं, "माझी आई पाण्यासाठी थांबायची." मी ते तीनदा वाचलं आणि पान उलटलं.

"आता भरीव लागलं," अखेर ती म्हणाली. इंजिन सुरू झालं, पंप गप्प होता, तेल निवळ. चाकं जमिनीवर आली. चांगुणाबाई उतरली आणि उतरता उतरता तिनं पदराच्या शेवानं माझं स्टेअरिंग पुसलं. डाग लागू नये म्हणून. मग घागरी घेऊन पळाली.

मी गाडी रस्त्यावर घेतली तर वस्तीतून टँकर बाहेर येत होता, रिकामा. त्याला जाऊ देण्यासाठी मला थांबावं लागलं. कडेला चांगुणाबाई दोन कोरड्या घागरी घेऊन उभी होती. माझ्या गाडीला वाट व्हावी म्हणून तिनं घागरी मागं ओढल्या आणि हात वर केला. "जय भीम, ताई. भाषण चांगलं करा."

ती रागावली असती तर मी भांडले असते. भांडणात मी कुणाला ऐकत नाही. पण तिच्या तोंडावर राग नव्हताच, तिचं लक्ष घराकडं होतं.

भाषण चांगलं झालं, हे सांगताना आज माझी मान खाली जाते. आई विहिरीवर कशी उभी राहायची ते मी सांगितलं आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. एका म्हाताऱ्या बाईनं व्यासपीठावर येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवला. संयोजक म्हणाले, लातूरच्या पाहुणीला शाल काय द्यायची, पाणी देऊ. वीस-वीस लिटरचे चार जार त्यांनी माझ्या डिकीत ठेवले. टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

रात्री भावाकडं राहिले आणि सकाळी परत निघाले. लोह्याला रस्ता फुटतो. सरळ गेलं की अहमदपूर, आणि पुढं तो फाटा. डावीकडं कंधार, जळकोट, उदगीर असा फेरा घेऊनही लातूर गाठता येतं, पण उगाच कुणी त्या वाटेनं जात नाही. मी गाडी बाजूला लावली. चांगुणाबाईनं पाणी घेतलं नसतं असं नाही. तिनं घेतलं असतं, चार बायकांत वाटलं असतं, आणि त्यातला पहिला तांब्या भरून माझ्यापुढं धरला असता. त्या तांब्याला मी भ्याले.

ऐंशी लिटर पाणी डिकीत घेऊन मी कंधारकडं वळले. स्टेअरिंग एका बोटानं वळलं.