ग्रॅहमची रोटरी आणि माझा राग

शनिवारी सकाळी मी शेजारच्या ड्राइव्हवेमध्ये उभा राहून एका माणसावर ओरडलो. इथे परदेशात, हॅमिल्टनमध्ये इतकी वर्षं काढली, पण एवढा आवाज कधी चढवला नव्हता. पायात जँडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला, गवतावर पांढरं दव गोठलेलं, आणि रागाच्या भरात थंडीचं भानच नाही.

आमचा शेजारी ग्रॅहम. वय पंचाहत्तरच्या आसपास, पण इथे सगळ्यांना एकेरीच हाक मारतात, तशी त्यालाही. त्याच्याकडे रोटरी इंजिनची एक लाल, जुनी स्पोर्ट्स कार आहे. माझी आणि त्याची मैत्री त्या बॉनेटखालीच झाली.

रोटरीत पिस्टन वरखाली होत नाहीत, आत एक तिकोनी रोटर फिरतो. ऐकायला झकास, पण नखरे फार. थंड इंजिन सुरू करून लगेच बंद केलं की आत पेट्रोल साठतं, प्लग भिजतात आणि मग गाडी ढिम्म हलत नाही. थंडीच्या दिवसांत तर हमखास. म्हणून दरवर्षी हिवाळ्याआधी आम्ही दोघं मिळून तिची तयारी करायचो. नवे प्लग, बॅटरी, ऑइल, इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून अँटीफ्रीझ... आणि मधूनमधून क्रिकेटवरून वाद.

यंदा उन्हाळ्यात ग्रॅहम शिडीवरून पडला. खुब्याचं हाड मोडलं, हॉस्पिटल झालं आणि आता तो गावातल्याच 'ते रापा' भागात एका रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात आहे. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "हिवाळा आलाय, गाडीचं बघशील का? अँटीफ्रीझ जरा जास्तच घाल. कडाक्याच्या थंडीचा हिशोब धर."

हॅमिल्टनला कसला आलाय कडाका... पण म्हटलं, पडून पडून कंटाळलाय बिचारा. ऑफिसमधून आल्यावर रोज थोडं थोडं करत सगळं केलं. बोटं बधिर व्हायची. माझी बायको अमृता म्हणाली, "स्वतःच्या गाडीचं ऑइल तरी कधी बघतोस का रे?"

तर शनिवारी सकाळी चहा घेताना तिकडून इंजिनाचा आवाज आला. मी खूश होऊन कप ठेवतोय तोवर आवाज बंद! जेमतेम अर्धं मिनिट. मी तसाच धावलो.

गाडीत ग्रॅहमचा मुलगा क्रेग बसला होता. पुढे एक अनोळखी दाढीवाला माणूस बॉनेट उघडून बघत होता. क्रेगने पुन्हा किल्ली फिरवली... घरघर, घरघर, आणि पेट्रोलचा भपका. झालं. भिजवले नवे प्लग.

"बंद का केलीस?" मी ओरडलो. क्रेग म्हणाला, "रिलॅक्स मेट, हे गाडी विकत घेतायत. आवाज ऐकवला फक्त."

विकत? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ग्रॅहमला माहितीये का हे?" क्रेगने मान खाली घातली. "लीव्ह इट, मेट," एवढंच म्हणाला. बाप तिकडे अंथरुणाला खिळलाय आणि हा त्याच्या पाठीमागे गाडी विकतोय! मग मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो दाढीवाला माणूस बिचारा खिशात हात घालून कुंपणाकडे बघत राहिला.

अमृता म्हणाली, "त्यांच्या घरातलं आहे, तू मध्ये पडू नकोस." मी ऐकलं नाही. तासाभरात रेस्ट होम गाठलं. ग्रॅहम खिडकीशी खुर्चीत बसला होता, मांडीवर पांघरूण. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

त्याने मांडीवरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाला, "मीच सांगितलं त्याला विकायला. आणि तुला सांगू नकोस, असंही मीच सांगितलं."

आता क्लच दाबायला पाय उचलत नाही त्याचा. घेणारा माणूस साउथ आयलंडचा, म्हणजे दक्षिणेच्या बेटावरचा, तिथे बर्फ पडतो. म्हणून ते जास्तीचं अँटीफ्रीझ! गाडी तिकडे नीट जावी, म्हणून मला कामाला लावलं होतं.

खरं सांगतो, तेव्हा क्रेगपेक्षा दुप्पट राग मला ग्रॅहमचा आला. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू केलं नसतंस."

"केलं असतं रे! पण मग शेवटचं म्हणून केलं असतं."

"तेच तर नको होतं मला," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघायला लागला. निघताना बायसुद्धा म्हटलं नाही.

परत आलो. क्रेग ड्राइव्हवेमध्येच होता. त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "मीही ओरडलो असतो." मग दोघांनी मिळून प्लग काढले, पुसले, वाळवले. दुपारी इंजिन धूर ओकत एकदाचं सुरू झालं. दाढीवाल्याला शेजारी उभं केलं आणि दरडावूनच सांगितलं, "टेम्परेचरचा काटा मध्यावर आल्याशिवाय बंद करायची नाही. कधीच नाही." त्याने शहाण्या मुलासारखी मान हलवली.

गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा क्रेग फोन वर धरून उभा होता. पलीकडे ग्रॅहम ऐकत होता. क्रेग मला 'तूही बोल' म्हणाला... मी नाही बोललो.

आज चार दिवस झाले, राग अजून उतरलेला नाही. पण या देशात सगळ्यांशी मी किती जपून, किती गोड वागतो हे आठवलं, आणि वाटलं, ज्याच्यावर एवढं हक्काने चिडावं असा इथे मला हा एकच माणूस मिळाला.

उद्या जाणार आहे त्याच्याकडे. उरलेलं भांडायला.