पावाच्या दुकानापर्यंतचे बाण

माझ्या डिंफ्नाच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं वाकत नाहीत. शाळेतल्या मुली विचारतात तेव्हा ती सांगते, "चुलीच्या दारात सापडली." खोटं नाही ते. दार कोणी लावलं एवढं फक्त ती सांगत नाही.

आज संत डिंफ्नाचा सण. चर्चमध्ये मिस्सा ऐकून आले, चहा ओतून घेतला आणि ती बोटं मोडली त्या वर्षीची माझी वही काढून समोर ठेवली. तारखा चुकायला नकोत.

त्या वर्षी बेलफास्टमध्ये शवपेट्या बनवणाऱ्यांना रविवारचीही सुट्टी नव्हती. आमच्या कॉरन स्ट्रीटच्या टोकाला पत्र्याची उंच भिंत उभी राहिली होती. अलीकडे आम्ही कॅथलिक, भिंतीपलीकडे डेल्मर स्ट्रीट, म्हणजे ते लोक, प्रोटेस्टंट. भिंतीत सैनिकांच्या पहाऱ्याचं एक फाटक होतं. ते सकाळी उघडायचं, पाचला बंद व्हायचं.

डिंफ्ना विद्यापीठात मानवी भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला होती. आमचे हे तेव्हा जहाजावर असायचे. त्यांनी पत्रातून विचारलं होतं, "डोंगर-नद्या पाठ करायला पोरीला विद्यापीठ कशाला हवं?" तिनं उत्तर धाडलं, "पपा, डोंगर-नद्या नाहीत हो. माणूस कुठे राहतो, कुठून कुठे चालत जातो आणि कुठे जायचं टाळतो, ते शिकते मी." आमच्या गल्लीत हे ज्ञान शेंबड्या पोरालाही होतं. चुकीच्या कोपऱ्यावर वळलेला माणूस घरी परत यायचा नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतः हिंडून एक प्रबंध करावा लागे आणि पदवीचे निम्मे गुण त्यावर असत. डिंफ्नानं विषय घेतला पावाचा. कोणती बाई पाव आणायला कोणत्या दुकानात जाते, कोणत्या वाटेनं जाते. घराच्या दारापासून दुकानापर्यंत एक बाण. आमच्या सगळ्यांचे बाण लांबलचक, दक्षिणेकडे, टेकडी चढून जाणारे. शंभर पावलांवर डेल्मर स्ट्रीटची बेकरी, तिचा वास आमच्या स्वयंपाकघरात यायचा, पण तिकडे एकही बाण नव्हता.

"अर्धाच नकाशा झाला हा, मम्मी," ती म्हणाली. "तिकडच्या बायकांनाही विचारायला हवं."

"तिकडच्या बायका तुला पाव देतील आणि त्यांचे नवरे गोळी," मी म्हणाले.

ती गेली. डिंफ्ना म्हटलं की कॅथलिक हे लगेच कळतं, म्हणून डोरीन असं नाव सांगून गेली. पहिलंच दार मिसेस गॉल्टचं होतं. मोठ्या हाडाची बाई, नवरा गोदीत वेल्डर. प्रश्न विचारायला डिंफ्ना वाकली आणि गळ्यातलं मरियामातेचं पदक झग्याबाहेर लोंबलं. मिसेस गॉल्टनं एका बोटानं ते आत ढकललं. "हे आतच राहू दे, बाळ. आणि चहा गार करू नकोस." मग स्वतः कोट चढवून तिनं डिंफ्नाला तीस घरं फिरवली. "ही माझ्या चुलतबहिणीची डोरीन," असं प्रत्येक दारात छातीठोक सांगितलं.

पण त्या दिवसांत सारखं काहीतरी व्हायचं. एकदा फाटकाशी कोणीतरी वीट मारली. कानामागे चार टाके पडले. आमच्याच गल्लीतल्या मिसेस ब्रॅनिगननं सोमवारी प्रश्नांची उत्तरं दिली, शुक्रवारी नाक्यावरच्या स्फोटात तिच्या खिडकीची काच तिच्या तोंडात घुसली. डिंफ्ना इस्पितळात जाऊन आली, मग तिचा बाण तुटक रेघेनं पुन्हा काढला. "आता ती दुकानात जाणार नाही ना," एवढंच बोलली.

नकाशावर प्रत्येक घर होतं. घरात माणसं किती, कमावता माणूस कामाला किती वाजता निघतो, तेही बारीक अक्षरात. प्राध्यापकांनी तसंच शिकवलं होतं. ते बाहेरून आलेले. कागदावर घर दाखवणं म्हणजे आमच्याकडे काय, हे त्यांना कुठून कळणार? पण मला कळायला हवं होतं.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारची मिस्सा सुटली होती. चर्चच्या पायऱ्यांवर मिसेस लव्हरी आपल्या मुलाच्या बँकेतल्या नोकरीचं सांगत होती, थांबेचना. माझ्या तोंडून गेलं, "आमच्या डिंफ्नाला विचारा, डेल्मर स्ट्रीटच्या एकतीस घरांची खडान्खडा माहिती आहे तिला. कोण किती वाजता बाहेर पडतो तेसुद्धा." दोन पायऱ्या खाली फिंटन उभा होता. लहानपणी याला मीच वेदीसेवकाचा पांढरा झगा शिवून दिला होता. आता तो आमच्या बाजूच्या बंदूकवाल्यांमध्ये होता. त्यानं टोपी काढून मला नमस्कार केला. मी खूश झाले. पोटात प्रभूचा प्रसाद आणि जिभेवर बढाई.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सव्वाचारला मी तव्यावर सोडा ब्रेड भाजत होते. फिंटन आला, बरोबर आणखी दोघे. एकाच्या तोंडाला मफलर.

"मिसेस टोनर, वास काय सुटलाय! आमच्या वाटणीचा आहे ना?"

"बूट पुसून ये आत."

"पुसले, पुसले. डिंफ्ना कुठाय? भूगोल शिकायचाय म्हटलं."

डिंफ्ना टेबलाशी बसली होती. नकाशाचं नळकांडं तिच्या पायाशी. "वर्गात नापास झालास तू भूगोलात," ती म्हणाली. "फ्रान्सची राजधानी लिस्बन लिहिली होतीस."

मफलरवाला हसला. फिंटन हसला नाही. "नकाशा दे. सोमवारी परत करतो."

"प्राध्यापकांकडे आहे."

"मग हे पायाशी काय, दुर्बीण?"

ती झटकन वाकली, नळकांडं उचललं, चुलीचं लोखंडी दार उघडलं आणि ते सरळ निखाऱ्यांत कोंबलं. फिंटननं तिला केसांना धरून मागं ओढलं, हात आत घालून पेटता कागद खेचला. डिंफ्नानं पुन्हा हात घातला, उरलेलं आत ढकलायला. मफलरवाल्यानं बुटानं दार बंद केलं. तिचा हात आतच होता.

हाडाचा आवाज मी ऐकला. वाळकी काटकी मोडावी तसा.

"कोणाची आहेस तू?" फिंटन ओरडत होता. "आमची की त्यांची?"

डिंफ्ना किंचाळत होती, आणि किंचाळण्यात सांगतही होती, "चहा प्यायलेय मी त्यांच्या घरी! चहा प्यायलेय!"

मी तवा उचलला. फडकं घ्यायचं सुचलं नाही, माझेही तळवे पोळले. तापलेला तवा फिंटनच्या कानशिलावर असा हाणला की तो भांड्यांच्या कपाटावर जाऊन आदळला आणि माझ्या आईच्या निळ्या बशा त्याच्या अंगावर फुटल्या. तिसऱ्यानं मला भिंतीवर ढकललं, तोंडावर ठोसा मारला. एक दात गेला. मग तिघे निघाले. फिंटनचा गाल सोलला होता, पण त्याच्या मुठीत कागदाचा जळका कोपरा होता. दारातून तो म्हणाला, "एवढा पुरे."

डिंफ्नानं हात बाहेर काढला होता. मी फडकं गुंडाळत होते. तिचं लक्ष हाताकडे नव्हतं. चुलीत उरलेल्या राखेकडे बघून ती कोणता कोपरा गेला ते आठवत होती.

"वरचा डावा," ती म्हणाली. "गॉल्ट. सहा वीस. मम्मी, मिस्टर गॉल्ट सहा वीसला दार उघडतात."

"आधी इस्पितळात चल."

"फाटक पाचला बंद होतं."

मी दारात आडवी उभी राहिले. माझ्या तोंडातून रक्त गळत होतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याला सांगितलं कोणी, मम्मी?" मी बाजूला झाले.

पुढचं तिच्याच तोंडून ऐकलेलं. फाटकावरच्या सैनिकानं पावणेपाचला सोडलं. डेल्मर स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या पोरांना डोरीन कोण ते तोवर कळलं होतं. त्यांनी तिला पाडलं, बरगडीत लाथा घातल्या, पदकाची साखळी तोडली. ती उठली, पुन्हा पडली, मिसेस गॉल्टच्या दारापर्यंत पोचली. पायरीवर बसूनच सगळं सांगितलं. खरं नाव, नकाशा, कोपरा, सहा वीस.

मिसेस गॉल्टनं तिच्या तोंडात भडकावली. "तीस दारं उघडली मी तुला. तीस! आणि तू आमची वेळ लिहून ठेवलीस?"

मग तिला काखेत धरून आत घेतलं, लाकडी डाव मोडून बोटांना बांधला, आणि नवऱ्याला हाक मारली, "सॅमी, ट्रंका काढ." पोरं बाहेर होती म्हणून तिनं डिंफ्नाला स्वतः फाटकाजवळ आणून सोडलं. फाटक बंद झालं होतं, तिनंच सैनिकाला हाका मारून ते उघडायला लावलं.

सोमवारी सकाळी सहा वीसला भिंतीपलीकडून गोळ्यांचा आवाज आला. मी गुडघ्यांवर होते, जपमाळ हातात. अकरा मोजल्या. दुपारी कळलं, डेल्मर स्ट्रीटच्या एका बंद दाराची चाळण झाली होती. घर रिकामं होतं.

फिंटन पुन्हा आमच्या दारात आला नाही. तो गुरुवारी सैनिकांच्या गाडीपुढे गोळी लागून मेला. पेटी बंद ठेवली होती, तरी सगळ्यांना ठाऊक होतं की एका गालावर तव्याचा गोल आहे. त्याच्या आईच्या हाताला मी हात लावला, तिनं काढून घेतला.

पापनिवेदनाला फादर केव्हिननी विचारलं, "पश्चात्ताप होतो का?" मी म्हणाले, "बढाईचा होतो, फादर. तव्याचा अजून होत नाही." "मग त्यासाठी पुन्हा या," ते म्हणाले. मी दर महिन्याला जात राहिले.

प्राध्यापक घरी येऊन गेले. भले गृहस्थ. डिंफ्नाचा प्लास्टरचा हात बघून त्यांना खुर्चीत बसवेना. म्हणाले, "आठवणीतून पुन्हा काढ, मिस टोनर. सगळं तुझ्या डोक्यात आहे. पहिला वर्ग नक्की."

"डोक्यात आहे, सर. तिथेच राहील."

तिनं डाव्या हातानं चौदा पानं लिहिली, वेड्यावाकड्या अक्षरात. नकाशा एकही नाही. बायका जवळचं दुकान सोडून लांब का जातात, आणि ते कागदावर का काढता येत नाही, एवढंच. नकाशाविना भूगोलाला किती गुण मिळणार? पदवी मिळाली, सगळ्यात खालच्या वर्गाची. पुढे शिकायचं होतं तिला, ते दार तिथेच मिटलं. मग ही मुलींची शाळा. तिथे ती पोरींना गल्लीचा नकाशा काढायला लावते: रस्ते, झाडं, चर्च, पोस्टाची पेटी. एखादीनं आपलं घर दाखवलं तर ती खोडरबर पुढे करते. पोरी तिला विक्षिप्त म्हणतात.

आज मिस्सेत मी नेहमीप्रमाणे गॉल्ट कुटुंबासाठी प्रार्थना केली. ते कुठे राहायला गेले, मला ठाऊक नाही. मागे एकदा मी चौकशी करू लागले होते, तर डिंफ्ना वाकत नसलेल्या बोटांनी माझा हात दाबून म्हणाली होती, "नको, मम्मी. माहीत नाही तेच बरं."