कासव आणि सीलबाई

वीजमीटर तपासायच्या खात्यात सगळे तिला सीलबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. तिला कळल्याशिवाय त्या इमारतीत काही होतच नसे. मीटर टेबलावर आला की इतर लोक आधी चकती फिरते का ते बघत. सीलबाई आधी सील बघायची. शिशाची गोळी, तिच्यातून ओवलेली तार, तारेला दिलेला पीळ. पीळ उलटा दिसला की ती एक भुवई वर करायची आणि समोरच्या ग्राहकाला घाम फुटायचा.

असं आयुष्य काढलेलं माणूस निवृत्त झालं म्हणून बदलतं थोडंच! घरात शिशाच्या गोळ्या नव्हत्या, तेव्हा तिने दोरा धरला. कपाटाच्या फटीत दोरा, पेटीच्या कडीला दोरा, तेलाच्या बाटलीवर पेनाची खूण. मुलगा लहानपणापासून सरावला होता. "आई, कपाट उघडलं, दोरा पडला, गुन्हा कबूल!" असं तो स्वतःच ओरडून सांगायचा. सून नवी होती तेव्हा ते दोरे कचरा समजून टाकून द्यायची आणि सीलबाई दिवसभर एकेकाचं तोंड न्याहाळत बसायची.

मुलाने आणि सुनेने घेतलेल्या या घरामागे पोहायचा एक छोटा तलाव होता. आधीच्या मालकाची हौस. घरात त्याला हौद म्हणत. सून लग्नाआधीपासून एका क्लबात पोहायला शिकवायची. तिथल्या व्यवस्थापकाशी तिचं वाजलं आणि तिने नोकरी सोडली, तीही अशी की पुन्हा तिथे तोंड दाखवायची सोय उरली नाही. आता घरच्याच हौदात लहान मुलांचा वर्ग काढायचा होता. पहिली तुकडी रविवारी येणार होती, आईबापांसकट. त्यांनी आधीच बजावलं होतं, तळ लख्ख दिसला तरच मूल पाण्यात उतरवू. म्हणजे सगळी मदार कासवावर.

कासव म्हणजे हौद झाडणारं यंत्र. ताटाएवढं, पोटाखाली तोंड, पाठीला वळ्यावळ्यांचा लांब पाइप. पाइपाचं दुसरं टोक हौदाच्या भिंतीत, तिथून पुढे पंपाकडे. पंप पाणी ओढतो, त्या ओढीवर कासव तळावरून सरपटत माती-पाचोळा गिळतं, आणि गिळलेला पाचोळा पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत साठतो. कासवाच्या पोटात ना मोटर ना बॅटरी. ओढ आहे तोवर चालायचं, ओढ संपली की बसायचं.

ते पहिल्यांदा बसलं तेव्हा सुनेचा मावसभाऊ येऊन दुरुस्त करून गेला. लोकांचे हौद साफ ठेवणं हाच त्याचा धंदा, म्हणून माहेरी त्याचं नाव पाणकोंबडा. सीलबाई मात्र त्याला पाहुणे म्हणायची. त्या शब्दात मान होता आणि चार हात अंतरही होतं.

"काकू, पाइपाला चीर गेली होती. पाण्याऐवजी हवाच ओढत होता. तेवढा तुकडा बदलला," हात पुसत तो म्हणाला. "तसं म्हातारं झालंय हे. माझ्याकडे एक नवं यंत्र आलंय. बघायचं असेल तर सांगा."

एवढं बोलून तो गेला आणि सीलबाईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिने कचऱ्याच्या डब्यातून तो जुना तुकडा काढला आणि खिडकीशी नेला. चीर चांगली बोटभर लांब आणि पट्टी लावून मारावी तशी सरळ. आपोआप गेलेली चीर वेडीवाकडी जाते. सरळ जातं ते पातं. शिवाय मागच्या फाटकाची एक किल्ली पाहुण्यांकडे. आणि नवं यंत्र कोणाकडे? पाहुण्यांकडेच!

ती कोणाला काही बोलली नाही. शिवणाच्या डब्यातून काळा दोरा घेतला आणि पंपापाशी गेली. कासव बंद पाडायचं तर जाळीत काहीतरी कोंबणं सगळ्यात सोपं, असा तिचा हिशेब. जाळीवर पारदर्शक झाकण होतं आणि झाकणाखाली रबराची रिंग. तिने पंप बंद केला, रिंगवरून दोरा आडवा टाकला, दोन्ही टोकं जराशी बाहेर ठेवली, झाकण घट्ट आवळलं आणि पंप पुन्हा चालू केला. आता कोणी झाकण उघडू देत. दोरा हलला की सापडलाच म्हणून समजा.

दुपारी बघते तर कासव कोपऱ्यात ढिम्म. ती धावत पंपाकडे गेली. दोरा जसाच्या तसा. तिने पंप बंद करून झाकण उघडलं, दोरा काढून जाळी तपासली. दोन पानं, बाकी काही नाही. झाकण लावलं, पंप चालू केला आणि खुर्ची टाकून बसली. कासव तुरुतुरु चालायला लागलं! तासभर शहाण्या सुनेसारखं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात राहिलं. चहाची वेळ झाली तेव्हा सीलबाईने नवा दोरा टाकून झाकण आवळलं आणि आत गेली. चहा पिऊन येते तर कासव पुन्हा कोपऱ्यात.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. ती समोर असली की यंत्र पळायचं. तिची पाठ वळली की मेलं.

"आई, ते तुला घाबरतंय," मुलगा म्हणाला. "आम्हीही असेच वाढलो."

"तुला विनोद सुचतोय. मी नसते तेव्हा इथे कोणीतरी येतं."

"आणि दोरा न हलवता झाकण उघडतं?"

"तेच तर! येणारा पोचलेला आहे. जुना दोरा काढून तसाच दुसरा टाकतो."

मग तिने जांभळा दोरा वापरला. असा जांभळा, की बाजारात शोधून मिळू नये. कासव बंद पडलं आणि जांभळा दोरा जागेवरच. असा दोरा दुसऱ्या कोणाकडे असणं शक्य नव्हतं. म्हणजे येणाऱ्याचा हात थेट तिच्या शिवणाच्या डब्यापर्यंत पोचत होता. म्हणजे तो बाहेरचा नव्हता.

रात्रीचं जेवण वाढताना ती सुनेच्या हातांकडे बघत राहिली. वर्ग काढायचा तर काढला, पण आता हिला धास्ती वाटत असेल का? यंत्राच्या नावावर बिल फाडून मोकळं व्हायचं असेल? की भाऊ-बहिणीचं आधीच ठरलंय, म्हातारीच्या गळ्यात नवं यंत्र मारायचं?

शनिवारी सकाळी पाणकोंबडा आला. सुनेनेच बोलावलं होतं.

"पाहुणे, नवं यंत्र आणलंत का?" सीलबाईने दारातच विचारलं.

"नाही काकू. आधी हे का बंद पडतंय ते बघतो."

"बघायला कशाला लागतं? ज्याने बंद पाडलं त्याला माहीतच असणार."

त्याला आधी गंमत वाटली. तो हसला. मग त्याने बहिणीकडे पाहिलं आणि हसू तिथेच थांबलं.

"म्हणजे काय, काकू?"

"चीर पात्याने काढल्यासारखी. फाटकाची किल्ली तुमच्याकडे. नवा माल तुमच्याकडे. अजून काय म्हणायचं ठेवलंय?"

"आई!" सून ओरडली.

त्याने जुडग्यातून फाटकाची किल्ली सोडवली. ती टेबलावर ठेवली. "ताई, उद्याचं तू बघून घे," एवढं म्हणून तो निघून गेला.

सून सासूकडे वळली. आवाज अगदी खाली. "माझ्यावर पण होता ना संशय? दोऱ्याचा रंग बदललात तेव्हाच ओळखलं मी. म्हटलं, होऊ दे मनाची खात्री."

उत्तराची वाट न बघता तिने लांब दांड्याचा ब्रश उचलला आणि हौद हाताने घासायला लागली. त्याने झालं भलतंच. तळाची माती उठली, पाणी गढूळ झालं, तळ दिसेनासा झाला. ही माती आता फक्त कासवच ओढू शकलं असतं, आणि कासव कोपऱ्यात बसलं होतं. सून तरी घासतच राहिली. तिची पाठ बघून सीलबाईला पहिल्यांदा वाटलं, ढोंग करणारं माणूस असं घासत नाही.

आणि मग ती, इतक्या दिवसांनी, माणसांकडे बघायचं सोडून यंत्राकडे बघायला लागली.

पंपातून पाणी हौदात परत येतं त्या तोंडाशी ती ओणवी झाली. बुडबुडे येत होते. पाण्यात हवा. म्हणजे पंपाच्या अलीकडे कुठेतरी हवा आत शिरतेय. कुठे? ती तडक न्हाणीघरात गेली आणि मुलाचा दाढीचा फेस घेऊन आली.

"आई, माझा फोम!"

"वाढू दे एक दिवस दाढी."

चालत्या पंपाच्या एकेका सांध्यावर तिने फेस लावला. जिथून हवा शिरत असेल तिथे फेस आत ओढला जाणार. पाइपाचा सांधा, फेस जागेवर. व्हॉल्व्ह, जागेवर. मग तिने झाकणाच्या कडेने फेसाचं कडं काढलं. कडं दोन ठिकाणी, समोरासमोर, खचलं. त्याच दोन ठिकाणांहून दोऱ्याची दोन टोकं बाहेर डोकावत होती.

तिने पंप बंद केला. झाकण उघडलं, जांभळा दोरा उचलला, रिंग पुसून झाकण लावलं, पंप चालू केला. बुडबुडे थोडा वेळ आले, विरळ झाले, थांबले. गढूळ पाण्यात वळ्यांचा पाइप हलला. कासव निघालं.

दोरा टाकून ती आत गेली की हवा शिरायची. दोरा काढून ती समोर बसली की यंत्र चालायचं. येणारं-जाणारं माणूस एकच होतं. तिने पाइपाच्या नव्या तुकड्यावरून नख फिरवलं तर कडेने एक सरळ, बारीक रेघ लागली. दोन फाकी जोडून पाइप बनवतात, त्या जोडाची. उकलला तर पाइप तिथेच उकलणार, आणि सरळच उकलणार.

सुनेची पाठ अजून तिच्याकडेच होती. दोरा केवढा, मुठीत मावला असता. कोणाला काही कळलं नसतं. पण पुरावा खिशात घालणाऱ्या दोघांना तिने स्वतः खात्यातून घालवलं होतं. ती सुनेसमोर जाऊन उभी राहिली आणि मूठ उघडली.

"हा होता. रिंगवर. माझाच."

सुनेने दोऱ्याकडे पाहिलं, चालत्या कासवाकडे पाहिलं. "मला काय सांगताय? त्याला सांगा."

सीलबाईने फोन लावला. आयुष्यभर तिने लोकांना बोलतं केलं होतं. स्वतः बोलायची वेळ आली तेव्हा तिने अहवाल द्यावा तसं सांगितलं: दोरा, रिंग, हवा, जोडाची रेघ. "चूक माझी. चोर म्हटलं तुम्हाला, तीही चूक माझीच. किल्ली घेऊन जा."

पलीकडून तो म्हणाला, "किल्ली तुमच्याकडेच राहू द्या काकू. येईन मी. पण तुम्ही समोर असाल तेव्हाच."

रविवारी मुलं आली. तळ इतका स्वच्छ होता की एका पोराने पाण्याखालच्या फरशा मोजायला घेतल्या. आईबाप काठावर बसले, सून कमरेपर्यंत पाण्यात उभी राहून शिट्टी वाजवत होती, आणि आधी भीतीने रडणारी एक मुलगी थोड्या वेळाने बाहेर यायला नको म्हणून रडत होती.

वर्ग सुटल्यावर पाणकोंबडा आला. फाटकापाशी थांबून त्याने हाक मारली, सीलबाईने उघडलं. त्याने स्वतःच खुर्ची आणून पंपासमोर ठेवली.

"बसा."

ती बसली. त्याने पंप बंद केला, झाकण उघडलं आणि तिच्यासमोर धरलं, आतून, बाहेरून. मग रिंग. मग जाळी, उपडी करून. मग दोन्ही हातांचे पंजे, उलटसुलट.

"अहो, हे कशाला?" ती खुर्चीतून अर्धवट उठली.

"बघितलंत का?"

काठावर सून ओले केस पुसत होती. तिने मदतीला काही म्हणावं म्हणून सीलबाईने तिकडे पाहिलं. सून केसच पुसत राहिली.

"बघितलं," सीलबाई म्हणाली.

तेव्हा कुठे त्याने झाकण लावलं आणि पुढचा सांधा हातात घेतला.

"आता हा. नीट बघा."