कोठीमागचं नेट

"नेट एकदम ओके आहे वहिनी, तुमच्या लॅपटॉपमध्येच काहीतरी आहे," असं म्हणून गेलेल्या त्या नेटवाल्याचा मला अजून राग येतो. आमच्या पुढच्या खोलीत, राउटरच्या अगदी खाली उभा राहून तो स्वतःच्या मोबाइलवर मला स्पीड दाखवत होता. मी म्हटलं, "भाऊ, मी इथे बसून काम करत नाही. मागच्या खोलीत या." आला, लॅपटॉपकडे आजारी गुराकडे बघतात तसं बघितलं आणि म्हणाला, "जुना झालाय." अरे बाबा, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तर धडधाकट होता! आखाजी झाली आणि चार दिवसांत म्हातारा झाला काय?

आम्ही अमळनेरला राहतो. नवरा सकाळच्या गाडीने जळगावला नोकरीवर जातो आणि घरात उरतो आम्ही तिघं: मी, सासू, सासरे. मी घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. लोकांची मशिनं बिघडतात, ते चिडून फोन करतात, तो फोन माझ्या लॅपटॉपवर येतो आणि मी गोड आवाजात त्यांच्या शिव्या ऐकते. दिवसभर दुसऱ्यांचं बिघडलेलं दुरुस्त करायचं आणि आपलंच नेट मधेच तुटायचं. लोकांना वाटायचं, मीच फोन आपटला. पुन्हा फोन लावून ते दुप्पट शिव्या द्यायचे.

ही नोकरी काही फार मोठी नाही. पण त्या वेळात मला कोणी स्वयंपाकघरात हाक मारू शकत नाही. ते सुख काय असतं ते एकत्र घरात सून म्हणून राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून पुण्याच्या साहेबीणबाईंनी जेव्हा सांगितलं की सोमवारी मी स्वतः तुमचे फोन ऐकणार आहे, एकदा जरी लाइन तुटली तर पुण्याला ऑफिसात येऊन बसा नाहीतर राजीनामा द्या, तेव्हा मी आधी कॅलेंडरमध्ये सोमवार किती लांब आहे ते बघितलं. नवऱ्याला अमळनेरात सोडून मी पुण्याला जाणार कशी? राजीनामाच द्यावा लागला असता.

आता सगळ्यांचे उपाय ऐका. नवरा म्हणाला, राउटर बंद करून चालू कर. केलं, इतक्या वेळा केलं की ते बटण सैल झालं. धुळ्याहून माझा भाऊ फोनवर म्हणाला, लॅपटॉपचं सॉफ्टवेअर अपडेट कर. अपडेट करायला नेट लागतं हे त्या शहाण्याला कोण सांगणार? मग नवऱ्याला साक्षात्कार झाला की शेजारचे आपलं नेट चोरतात. मी लगेच पासवर्ड बदलला. शेजारणीला काही फरक पडला नाही, पण आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या मोबाइलवरची भजनं बंद पडली आणि त्यांनी दिवसभर तोंड फुगवून ठेवलं.

सासूबाई हे सगळं दारात बसून गहू निवडत बघत होत्या. "बठ्ठा दिन त्या डब्बाले हात लावस," त्या शेजारणीला ऐकवायच्या, "घरना कामले हात लावाले येळ नही." मला ऐकू जावं म्हणूनच ते बोलणं असायचं. मी दार लावून घ्यायचे, जरा जोरातच.

शनिवारी माझं डोकं फिरलं. लॅपटॉप हातावर घेतला आणि पुढच्या खोलीत राउटरजवळ जाऊन उभी राहिले. नेट भरपूर. एकेक पाऊल मागे सरकत मधल्या खोलीत आले. तिथेही भरपूर. मधल्या खोलीच्या भिंतीला लागून धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या ओळीने उभ्या आहेत, त्या भिंतीपलीकडे माझं टेबल. कोठ्यांपुढे उभी राहिले, नेट उत्तम. वळसा घालून टेबलाशी गेले, नेट मेलं. परत पुढे आले, जिवंत. मी त्या कोठीवर थाप मारली. माझ्या आणि राउटरच्या मधोमध वर्षाचे गहू, ज्वारी आणि पत्राच पत्रा!

कोठ्या पूर्वी मागच्या खोलीत, पलीकडच्या कडेला होत्या. तिथे मला टेबल टाकायचं होतं म्हणून यंदा धान्य भरण्याआधी मीच भांडून त्या बाहेर काढायला लावल्या होत्या. सासूबाईंनी काढल्या आणि बरोब्बर माझ्या नेटच्या वाटेत नेऊन ठेवल्या. मुद्दाम नाही, त्यांना वायफाय कशाशी खातात हेही माहीत नाही. पण त्या क्षणी मला वाटलं, बाईने नेम धरून ठेवल्यात.

"आई, कोठ्या जरा सरकवायला लागतील," मी म्हटलं.

"भरेल कोठी कोनी हालावस का?" त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. आमच्या घरात तशी रीतच आहे. आखाजीला धान्य भरायचं, कोठीला हळदकुंकू वाहायचं आणि पुढची आखाजी येईपर्यंत ती जागची हलवायची नाही. मी सांगितलं की पत्र्यामुळे नेट अडतं, माझी नोकरी जाईल. त्या म्हणाल्या, "नेट हवामा चालस म्हने. हवा कोठीले अडकस का?" मग माझ्याही तोंडाचा पट्टा सुटला. तुम्हाला माझी नोकरी डोळ्यात खुपते, तुम्हाला मोलकरीण पाहिजे, असं बरंच काही मी बोलले. त्यांनीही माझं माहेर काढलं. रविवारी नवरा घरी होता, तर त्याने दोघींना वेगवेगळं गाठून "तू समजून घे" एवढंच सांगितलं. नेटवाल्याला राउटर मागे न्यायला सांगितलं, तर म्हणे वायर पुरत नाही, नवीन ओढावी लागेल, मंगळवारनंतर बघू. पुढच्या खोलीत आबा, त्यांचा टीव्ही आणि त्यांचे दोस्त. तिथे बसून गोड आवाज कुठून काढणार?

सोमवारी सकाळी सासूबाई देवळात गेल्या तेव्हा मी मधल्या खोलीत लॅपटॉप आणला. ठेवायला जागा एकच होती. गव्हाची बुटकी कोठी माझ्या छातीएवढी आहे, तिच्या झाकणावर टॉवेल अंथरला, वर लॅपटॉप ठेवला, कानाला हेडफोन लावला आणि उभ्यानेच काम सुरू केलं. पुण्याहून साहेबीणबाई ऐकत होत्या. नेट लोण्यासारखं चाललं होतं.

तेवढ्यात सासूबाई दारात. हातात दळणाचा रिकामा डबा. घरातलं पीठ संपलेलं, गहू त्या झाकणाखाली आणि त्यावर मी! त्यांच्या कपाळावरची शीर उडालेली मला दिसली. कानात एक माणूस माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, मी त्याला "हो सर, समजू शकते सर" म्हणत होते आणि डोळ्यांनी सासूबाईंना सांगत होते की हात लावून तर बघा. त्यांनी डबा दाणकन खाली ठेवला आणि निघून गेल्या. मी मनात म्हटलं, आता आबांना घेऊन येणार.

जेवायची वेळ झाली. पोळ्यांसाठी आबांचा आवाज आलाच, "पोया कोठे शेत?" मी फोनचं बटण दाबून माझा आवाज बंद केला. आता तमाशा होणार, तो निदान पुण्याला ऐकू जायला नको.

"पीठ नही. आज भात खाई ल्या," सासूबाई म्हणाल्या.

"गहू काढाना व्हतात ना मंग!"

"कोठीवर सून काम करी ऱ्हायनी. तिनी नोकरी जाई. गुपचूप खा." आणि वर, "तो टीवी बंद करा पह्यले."

टीव्ही बंद झाला. आबा आयुष्यात कधी दुपारी नुसता भात जेवले नव्हते. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी फार संताप आला. इतक्या दिवसांचं माझं भांडण होतं, मी ते जिवापाड जपलं होतं, आणि या बाईने एका वाक्यात त्याची माती केली. डोळ्यांत पाणी आलं तेही मला नको होतं. कानातला माणूस "हॅलो, हॅलो, मॅडम आहात का?" ओरडत होता. मी बटण दाबलं आणि म्हटलं, "आहे सर, बोला."

संध्याकाळी साहेबीणबाईंनी सांगितलं की लाइन चांगली आहे, असंच चालू ठेवा. मी हेडफोन काढला. पाय दगड झाले होते. सासूबाई तोच डबा घेऊन समोर उभ्या होत्या.

"ऱ्हायनी का नोकरी?"

"राहिली."

"मंग सरक," त्या म्हणाल्या. मी लॅपटॉप उचलला. त्यांनी टॉवेल ओढून काढला, झाकण पदराने खसाखसा पुसलं, कोठीला हात लावून नमस्कार केला आणि गहू काढायला वाकल्या. माझ्याकडे न बघताच उद्याचं सांगून टाकलं, "सकाय जवारी काढनी शे. तुन्हं दुकान सकाय गव्हावरच लाव."