एकेचाळीस चकचकीत बादशहा

मुलीला मागणी घालायला जावई मुलीच्या वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. बाहेर पडला तेव्हा निदान दोन हजार वर्षांचा झाला होता. "लग्नाचं बोलायचं होतं," एवढं म्हणेपर्यंत होणाऱ्या सासऱ्यांनी त्याच्या डोळ्याला भिंग लावलं आणि एका जुन्या नाण्यावरच्या रोमन बादशहाच्या नाकापासून सुरुवात केली. त्या बादशहाला पुतण्याने मारलं, पुतण्याला सैन्याने मारलं, तीन गिऱ्हाइकं बिजागऱ्या न घेताच परत गेली, तेव्हा कुठे सासरे म्हणाले, "मुलगी ना? दिली. पण नाण्यांना हात लावायचा नाही."

तीस वर्षांत त्यांनी एकेचाळीस नाणी जमवली होती. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या बांगड्या पिठाच्या डब्यात, आणि ह्यांचे मेलेले राजे मखमलीवर!"

सासऱ्यांची इच्छा एकच होती. ही नाणी संग्रहालयात काचेखाली बसावीत, आणि शेजारी आपल्या नावाची पाटी असावी. आठ अर्ज केल्यावर तिथल्या तज्ज्ञबाईंनी कळवलं, सोमवारी येते.

रविवारी दुपारी जावई डोकावला, तर सासरे बादलीवर ओणवे. हातात तारेचा ब्रश, शेजारी गंज काढायच्या औषधाची बाटली.

"बाबा, हे काय?"

"उद्या बाई येणार आणि माल हा असा हिरवा? जन्मात एक गंजका खिळा विकलेला नाही मी!"

"पण जुनं म्हटल्यावर..."

"जावईबापू, तुम्ही बँकेतले. गंजातलं तुम्हाला काय कळणार? बसा, ही दोन घासा."

जावयाला खरंच काही कळत नव्हतं. शिवाय नाण्यांना हात लावायला मिळत होता. त्याने मन लावून घासली. संध्याकाळपर्यंत सगळे बादशहा नुकतीच दाढी केल्यासारखे लखलखत होते.

सोमवारी बाईंनी एक नाणं उचललं, मग दुसरं, मग चष्मा काढून पुसला.

"हे कोणी केलं?"

"मीच," सासरे छाती काढून म्हणाले. "कालच!"

"काका, तो हिरवा थर चढायला शतकं लागतात. नाणं अस्सल आहे का, कुठे पुरलेलं होतं, हे आम्ही त्यावरून ओळखतो."

"म्हणजे तो गंज नव्हता?"

"गंजच होता. पण जपायचा."

सासूबाईंच्या ओठावर आलेला टोमणा तिथेच थांबला. सासऱ्यांनी एकेक बादशहा परत मखमलीवर ठेवला. मग म्हणाले, "तरी घेऊन जा. इथे ठेवून काय करू?"

बाई घेऊन गेल्या. नाणी साफ कशी करू नयेत, हे नव्या कर्मचाऱ्यांना शिकवताना ती दाखवतात. एरवी ती मागच्या खोलीत, एका खणात असतात. खणावर फक्त क्रमांक आहे.