पान एकोणीसवरचा पूल

शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पुंजाराम लहाने सातव्या पत्रावर आमदारांच्या नावाचा शिक्का मारत होते.

नवीन जालन्यात स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर, एका बियाणांच्या दुकानाच्या वर आमदारांचं हे संपर्क कार्यालय आहे. दोन टेबलं, एक प्रिंटर, लोकांना बसायला बारा खुर्च्या. किल्ली पुंजारामांकडे असते. त्यांचं वय त्रेपन्न. आधी ते टायपिंग शिकवायचे. एकोणीस वर्षांपूर्वी एक अर्ज टाइप करून द्यायला म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. ट्रान्सफॉर्मर जळाला, दवाखान्यात खाट मिळेना, रेशनकार्डावर सुनेचं नाव चढेना. कोणाचंही गाऱ्हाणं ते सात ओळींत बसवतात. आठवी ओळ साहेब वाचत नाहीत, असा त्यांचा अनुभव.

आठवं पत्र हातात घेण्याआधी त्यांनी टपाल फोडलं. वरच्याच लिफाफ्यात विधानसभेतल्या एका प्रश्नाचं उत्तर होतं. प्रश्न साहेबांच्या नावे असला तरी त्याचा शब्द न् शब्द पुंजारामांनी जूनमध्ये याच टेबलावर लिहिला होता. खडकी ओढ्यावरचा पूल मंजूर होऊन दोन वर्षं झाली, तरी कामाला सुरुवात झालेली नाही, हे खरे आहे काय?

उत्तर तीन शब्दांचं होतं. हे खरे नाही.

पुढे खुलासा होता. पुलाचे काम पूर्ण झाले आहे. सन्माननीय सदस्यांच्या स्वतःच्या कार्यअहवालात, पान एकोणीसवर, तसे नमूद आहे. छायाचित्राची प्रत सोबत जोडली आहे.

पुंजारामांनी पान उलटलं. फोटोत नवाकोरा पूल होता, आणि त्याच्या कठड्याला एक लाल मोटरसायकल टेकवलेली होती. नंबरप्लेट स्पष्ट दिसत होती. ती त्यांचीच मोटरसायकल होती. आत्ता या क्षणी ती खाली, बियाणांच्या दुकानापुढे उभी होती.

त्यांना सगळं आठवलं. गेल्या निवडणुकीआधी साहेबांनी केलेल्या कामांची पुस्तिका, म्हणजे हा कार्यअहवाल, छापायचा होता. दोनशे चौदा कामं. खडकीच्या पुलाचा नारळ फुटला होता, ठेकेदार दिवाळीपर्यंत काम उरकतो म्हणाला होता. पुंजारामांनी तो ‘पूर्ण’च्या यादीत टाकला. छापखान्यातून फोन आला, पान एकोणीसचा फोटो राहिलाय, जल्दी पाठवा. मोबाइलमध्ये अंकुशनगरला मोनिकाकडे, म्हणजे लेकीकडे गेले तेव्हा काढलेला उसाच्या रस्त्यावरच्या एका पुलाचा फोटो होता. तो पाठवला. दिवाळीनंतर ठेकेदार फिरकला नाही, आणि पुंजारामांना तो फोटो पुन्हा आठवला नाही. प्रश्न लिहितानाही आठवला नाही.

बारा वाजता चतुराबाई आली. दर शुक्रवारी येते. तिची वस्ती खडकी ओढ्याच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे. दोन्ही काठांवरच्या बाभळींना दोर बांधलेला आहे. पावसाळ्यात रोज सकाळी वस्तीतली नऊ पोरं ती पार करून देते. दप्तरं घमेल्यात घालून डोक्यावर, लहान पोरं खांद्यावर. त्या नवांत तिची नात अर्पिता, दुसरीतली. ऑगस्टमध्ये अर्पिताचा हात एकदा दोरावरून सुटला होता. चतुराबाईने तिला वेणीला धरून वर काढलं. विधानसभेत प्रश्न गेला होता जूनमध्ये, त्यामुळे हे त्यात नव्हतं.

लुगड्याचा काठ अजून ओला होता. ती खुर्चीत न बसता टेबलाशी आली आणि उत्तर आलं का, म्हणून विचारलं. पुंजाराम पत्र कपाटात टाकू शकले असते. तिला वाचता येत नाही. त्यांनी वाचून दाखवलं.

चतुराबाई म्हणाली, “पूर्ण झाला म्हणता, तर मंग मी रोज कंबरेइतकी भिजून राह्यले ती कशात, भाऊ? पुलावर?”

तिने हात पुढे केला.

“फोटो दावा.”

त्यांनी दाखवला. तिने तो खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला.

“पूल कुठला हाय, मला म्हाइत न्हाई,” ती म्हणाली. “गाडी म्हाइत हाय. हिच्यावरच तुमी वस्तीवर आल्ते. चहा घेतला माह्या घरी.”

बारा खुर्च्यांपैकी नऊ भरलेल्या होत्या. पुंजारामांनी चूक आपली आहे, हे सगळ्यांदेखत सांगितलं. फोटो कुठला, कसा गेला, तेही सांगितलं. चतुराबाईने शिवी दिली नाही. तिने फोटो टेबलावर उलटा ठेवला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. आमदारांना भेटल्याशिवाय उठणार नव्हती.

साहेब दोन वाजता आले. पुंजारामांनी आत जाऊन पत्र आणि कार्यअहवाल समोर ठेवले. साहेबांनी पान एकोणीस काढलं. त्याच पानावर वर त्यांचा स्वतःचा हात जोडलेला फोटो होता. त्यांचा चेहरा उतरत गेलेला पुंजारामांनी पाहिला.

“हे किती घरांत गेलंय?”

“सगळ्याच, साहेब. एकही दार न सोडता वाटलंय.”

“आणि खात्यावाले ते मलाच दाखवून राह्यले.” साहेबांनी पुस्तिका मिटली. चूक कबूल केली तर विरोधक पुस्तिका गावोगाव नाचवतील, हे दोघांनाही कळत होतं. नाही केली तर खडकीचा पूल कागदावर कायमचा झालेला राहणार होता. झालेला पूल पुन्हा मंजूर होत नाही. दाराच्या फटीतून ओल्या काठाचं लुगडं दिसत होतं.

“लिवा,” साहेब म्हणाले. “माझ्या कार्यअहवालातला फोटो दुसऱ्या पुलाचा आहे. खडकीला पूल न्हाई. मी स्वतः जागेवर येतो, इंजिनिअरला पाठवा.”

पुंजारामांनी पत्र टाइप केलं. चार ओळींचं झालं. त्याखाली आपला जबाब जोडला, त्यात मोटरसायकलचा नंबर लिहिला आणि सही केली. सोमवारपासून आपण इथे असू की नाही, हे त्यांनी विचारलं नाही. साहेबांनीही सांगितलं नाही.

खात्यातून फोनवर पाहणीची वेळ मिळाली: सोमवारी अकरा वाजता. त्याआधी जमणार नाही, शनिवार-रविवार कार्यालय बंद असतं.

चतुराबाईला हे बाहेर येऊन सांगितलं. तिने सोमवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले, पदर खोचला आणि चारच्या एसटीला निघून गेली.

जिल्हा परिषदेची शाळा शनिवारी सकाळची असते आणि साडेसातला भरते. उद्या शनिवार आहे. चतुराबाई पावणेसातला ओढ्यात उतरेल.